सर नुसते हसले

बियाण्याच्या प्लांटात ग्रेडिंगची चाळणी चालते तेव्हा खाली फोलपट साठतं. सकाळी झाडा, दुपारी पुन्हा तेवढंच. किस्स्यांचं तसंच आहे. मुद्दाम कोणी जमवत नाही, चार माणसं रोज एका जागी बसली की आपोआप खाली पडत राहतात. आम्ही चौघं जालन्यात रफीकभाईच्या नेट कॅफेत बसायचो. त्यातला एक जण तर असा होता की त्याच्या नुसत्या बसण्यानंही फोलपट पडायचं.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, मीही म्हणते. हायस्कुलात मराठी शिकवून रिटायर झालेले. आता तुम्ही म्हणाल, एका म्हाताऱ्या मास्तरच्या मागं का लागलीस बाई? कारण सरळ आहे. मी ब्लॉग लिहीत होते, आणि तो सर लिहितात असं गावाला वाटत होतं. सरांनी कधी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. कोणी विचारलं की नुसते हसायचे.

मी तिसरी पास. पुढचं सगळं पुडीच्या कागदांवर, बियाण्याच्या पिशव्यांवर आणि दुसऱ्याच्या पेपरात डोकावून शिकलेली. माझ्याजवळ जे काही आहे ते माझ्या हातानं मिळवलेलं आहे. ते कोणी नुसतं हसून घेऊन जावं हे मला चालत नाही. एवढं ध्यानात ठेवा आणि मग पुढचं वाचा.

*

रफीकभाईची ओळख कॅसेटच्या काळातली. तेव्हा त्याचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. आपण गाण्यांची यादी द्यायची, दुकानदारानं कोऱ्या कॅसेटवर ती गाणी भरून द्यायची. निदान बाकीच्या दुकानांत असं चालायचं. रफीकभाई आधी यादी वाचायचा, मग पेन काढून खोडायला बसायचा.

"ये नक्को. ये भी नक्को. आपा, ऐसे गाने सुनके बच्चे बिगडते."

"लेकरांला न्हाई ऐकवायचं. प्लांटातल्या बायकांला ऐकवायचंय."

"बायका भी बिगडते."

मी बारा लावण्या सांगितल्या होत्या. घरी येऊन कॅसेट लावली तर अकरा कव्वाल्या, आणि शेवटी मेहेरबानी म्हणून एक लावणी. ती पण अर्धी. टेप संपली होती.

आता मी प्लांटात काय करायचे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझं काम उगवण तपासणीचं. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, कागद गुंडाळून उभा ठेवायचा, आठवड्यानं उघडायचा आणि कोंब मोजायचे. शंभरातले किती उगवले त्यावर अख्खा लॉट पास नाहीतर नापास. मोजायला माझ्या जोडीला कौसल्या. तिला एक अक्षर वाचता येत नाही, पण मोजण्यात तिची चूक मी अख्ख्या नोकरीत पाहिली नाही.

ती कॅसेट आम्ही दुपारच्या सुट्टीत लावली. कौसल्या गाणं ऐकत नव्हती, बायकांकडं बघत होती. कोणाची मान हलते, कोणाचा पाय हलतो, कोण भाकरी चावायचं थांबतं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन निकाल सांगितला, "बारापैकी चार उगवले. लॉट नापास."

रफीकभाईनं माझी जुनी यादी परत मागितली. मग ड्रॉवरमधून नवी कॅसेट काढली.

"फिरसे भरता मैं. लेकिन लावणी पाचच."

तेव्हापासून आमचं जमलं. खोटं न बोलता भांडणारा माणूस मिळायला नशीब लागतं.

*

पुढं कॅसेटी कोणी विचारेना. रफीकभाईनं फळ्या उतरवल्या आणि त्याच दुकानात चार कॉम्प्युटर मांडले. मी तोवर रिटायर झाले होते. सून म्हणायची, आई, तुम्ही आता आराम करा. आराम म्हणजे काय, तर खुर्चीवर बसून दुसऱ्याला काम करताना बघायचं आणि चूक दिसली तरी बोलायचं नाही. मला जमेना. मी कॅफेत जाऊन बसले.

दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर सर असायचे, रोज एक तास, पेपर वाचायला. मी तीन नंबर धरला. रफीकभाईची शिकवायची पद्धत एकच होती, "हात मत लगाओ, बिगड जाएगा." आठवडाभर मी हात न लावता शिकले. आठव्या दिवशी तो नमाजाला गेला आणि मी सगळी बटणं एकेक करून दाबून पाहिली. काही बिघडलं नाही. उलट आवाज येत नव्हता तो यायला लागला.

ब्लॉग उघडताना नाव विचारणारा रकाना आला. सासरच्यांनी जन्मभर मला जे नाव ठेवलं तेच मी टाकलं. तोंडाळ.

पहिला लेख बसवर लिहिला. एकेक अक्षर शोधत दोन तास लागले. शेवटच्या ओळीला लाइट गेली.

"आपा," रफीकभाई अंधारातून म्हणाला, "गया."

"कुठं गेलं?"

"वो नहीं मालूम. लेकिन गया."

दुसऱ्या दिवशी आठवून पुन्हा लिहिला. पुन्हा लोडशेडिंग. तिसऱ्या दिवशी माझा कंटाळवाणा भाग मलाच आठवेना, म्हणून फक्त चांगला तेवढा लिहिला. अर्ध्या तासात संपला, आणि लाइटीनंही काही तक्रार केली नाही. त्या दिवसापासून माझं मत आहे की लोडशेडिंगसारखा संपादक नाही. आमच्याकडच्या पुष्कळ लेखकांच्या घरी लाइट फार राहते.

*

ब्लॉगवर मी चार गोष्टी लिहायचे. गाणी, फुटबॉल, प्रवास आणि घरातली भांडणं. प्रत्येकाच्या शेवटी उगवणीचा टक्का. बदनापूरच्या एका एसटीला मी एकतीस टक्के दिले होते, ते पण कंडक्टर सुरात गात होता म्हणून.

तोच लेख एका पेपरानं न विचारता छापला. खाली लिहिलं, 'लेखक आपल्याच शहरातले कोणी जाणकार शिक्षक असावेत.'

शहरात जाणकार शिक्षक पुष्कळ असतील. पण कॅफेच्या काचेतून रोज कॉम्प्युटरसमोर बसलेला एकच दिसायचा. मी पण दिसायचे. पण मला बघून लोकांना वाटायचं, बाई नातवाची वाट बघून राह्यली.

एक जण पेपर घेऊनच आत आला. "सर, काय लिहिलंय हो एसटीवर! पोट धरून हसलो."

सर हसले.

तो गेल्यावर मी सरांकडं बघितलं. सर मान वळवून कॉम्प्युटरमध्ये वाचू लागले. तेव्हा लोडशेडिंग चालू होतं.

"सर," मी म्हटलं, "हसता कशाला? न्हाई म्हणून टाका."

"गोदाबाई," सर म्हणाले, "लोकांना आनंद होतो. आपण नाही म्हणून तो हिरावून का घ्यायचा?"

चोर सापडला की पळतो. शिकलेला चोर सापडला की विचार मांडतो.

*

आता माझीच फजिती सांगते. मी एकदा सांगून पाहिलं होतं.

लेकीच्या घरी गेले होते. तिथं विहीणबाई चार बायकांना तोच एसटीचा लेख वाचून दाखवत होत्या. वाचता वाचता डोळे पुसत होत्या. मला राहवलं नाही.

"विहीणबाई, ते मी लिहिलंय."

विहीणबाई आधी थांबल्या. मग अशा हसल्या, अशा हसल्या, की लेखाला सुद्धा तेवढ्या हसल्या नव्हत्या. पदर खाली पडला तरी भान नाही.

"तुम्ही? अहो, तिसरी पास ना तुम्ही?"

मग बायकांकडं वळून म्हणाल्या, "आमच्या विहीणबाई पण ना, फार गमतीच्या आहेत."

घरी आले. कौसल्येला सगळं सांगितलं आणि तिच्यासमोर शपथ घेतली की माझ्या तोंडानं मी हे पुन्हा कोणाला सांगणार नाही. विहिरीनं का ओरडून सांगावं, पाणी माझं आहे म्हणून? गावाला आपणहून कळलं पाहिजे.

कौसल्या म्हणाली, "गावाला कळंल गं. पर तवर तू मरशील. आन मंग खरे रडतील ते सर."

"ते कशाला रडतील?"

"नवं कुठून आणतील?"

*

फुटबॉल मला रफीकभाईनं दाखवला. वर्ल्ड कप चालू होता, त्यानं कॅफेत टीव्ही आणून ठेवला होता. मी पहिली मॅच बघितली आणि बघतच राहिले. बावीस बाप्ये दीड तास पळून राह्यले आणि एक जण पण खाली बसून चहा मागत नाही, असा देखावा मला आयुष्यात पहिल्यांदा दिसला. मी त्याला शंभरातले अठ्ठ्याण्णव दिले. दोन कापले, कारण पडल्यावर रडतात फार.

रफीकभाई स्वतः गोलकीपर. दर रविवारी सकाळी चाळिशीपुढच्यांची मॅच असायची, एका बाजूला बाजारातले दुकानदार, दुसऱ्या बाजूला एमआयडीसीतल्या स्टील मिलचे कामगार. कामगार आठवडाभर तापलेल्या सळया ओढणारे. दुकानदार आठवडाभर गादीवर बसणारे. निकाल काय लागायचा ते मी लिहीत नाही.

एका रविवारी मात्र दुकानदारांनी कमाल केली. मॅच संपायला आली तरी बरोबरी टिकलेली. तेवढ्यात मैदानाशेजारच्या रस्त्यानं वरातीचा टेम्पो गेला. बँडवाल्यानं एक जुनं गाणं धरलं होतं, आणि सूर पार हातातून सुटला होता. रफीकभाईनं आधी कान दाबले. मग गोल सोडला आणि तरातरा रस्त्याकडं गेला.

"अरे मियाँ, ऊपर का सुर लगता नहीं तो नीचे से उठाओ ना! गाने का खून कायकू करते?"

बँडवाल्यानं खालून सूर उचलला. बराबर लागला. रफीकभाई खूश होऊन मागं वळला तर मिलवाले गोल करून नाचत होते.

मी ब्लॉगवर लिहिलं, 'गोलकीपरच्या हाताला शून्य टक्के, कानाला शंभर.' रफीकभाईनं तो लेख स्वतः प्रिंट काढून कॅफेच्या भिंतीवर चिकटवला. चिकटवताना म्हणाला, "लिखा तो दुरुस्तच लिखा है."

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक ते वाचून म्हणालं, "सरांनी तुमची चांगलीच उडवली की, रफीकभाई."

"सर ने नहीं, आपा ने."

"काय रफीकभाई, तुम्ही पण मजाक करता," असं म्हणून ते गिऱ्हाईक माझ्याकडं बघून हसलं. मी तेव्हा तीन नंबरवर बसून पुढचा लेख लिहीत होते. दहा बोटांनी.

*

त्यानंतर मिलवाल्यांनी स्पर्धा भरवली आणि फुटबॉलचे जाणकार म्हणून उद्घाटनाला सरांना बोलावलं.

इथं सरांच्या भाषणाविषयी सांगितलं पाहिजे. सरांकडं भाषण एकच आहे. मी ते पहिल्यांदा माझ्या निरोप समारंभात ऐकलं. "नोकरी हे एक मैदान आहे. कोणी धावतो, कोणी बसतो, कोणी टाळ्या वाजवतो. पण घाम? घाम मात्र सर्वांचाच खारट असतो." मग दोनदा खोकतात. मग म्हणतात, "जरा पाणी." पाणी येईपर्यंत लोकांना वाटतं की सर भारावले. दुसऱ्यांदा शेजारच्या लग्नात ऐकलं. तेव्हा संसार हे एक मैदान होतं. घाम, खोकला आणि पाणी तेच. नवरदेवाला तर उगाच घाम फुटला.

आता खुद्द मैदानातच उभं केल्यावर हा माणूस काय करणार, हे बघायला मी आणि कौसल्या मुद्दाम गेलो.

सरांनी माइक हातात घेतला. समोरच्या गोलपोस्टकडं पाहिलं. क्षणभर अडखळले. मग म्हणाले, "मैदान हे एक जीवन आहे."

कौसल्येनं तोंडात पदर कोंबला.

पुढं मॅचमध्ये एक गोल पंचानं रद्द केला. भांडण पेटलं. कोणीतरी ओरडलं, "सरांना विचारा, सरांनी ऑफसाइडवर एवढा मोठा लेख लिहिलाय!" दोन्ही कप्तान सरांच्या खुर्चीसमोर येऊन उभे राहिले.

सर हसले.

कप्तान हलेनात. सर आणखी हसले. तरी हलेनात. शेवटी सर म्हणाले, "माझ्या मते दोघांनाही अर्धा अर्धा द्यावा."

*

एवढ्यानं तरी लोकांचे डोळे उघडायला पाहिजे होते. पण एकदा गावानं ठरवलं की ठरवलं.

प्लांटातल्या रिटायर बायकांनी टेम्पो करून जांब समर्थला देवदर्शनाला जायचं काढलं. उतरताना माझ्या लुगड्याचा काष्टा टेम्पोच्या फाळक्यात अडकला. मी खाली, काष्टा वर, आणि ड्रायव्हर गाडी पुढं घेऊन राह्यला. मी लुगडं धरून टेम्पोबरोबर उलटी चालते आहे आणि समोरून देवळातले भाविक हात जोडून येत आहेत. कौसल्या ओरडली, "आरं थांब, बाई बांधलीय मागं!" देवळापर्यंत जाऊन मी पहिलं काय मागितलं असेल तर एक सेफ्टी पिन.

हे सगळं मी ब्लॉगवर जसंच्या तसं लिहिलं. 'माझा काष्टा', 'माझं लुगडं', 'मी बाई माणूस', सगळं. म्हटलं, आता बघू सर कसे हसतात.

तिसऱ्या दिवशी कॉलेजातले एक प्राध्यापक कॅफेत आले. सरांचे दोन्ही हात हातात घेतले.

"सर, कमाल आहे. पुरुष असून स्त्रीच्या वेदनेत एवढं उतरायचं! परकायाप्रवेश म्हणतात तो हाच."

सरांनी डोळे मिटले. मान हळूच हलवली. आणि हसले.

मी उठले, घरी गेले आणि ते लुगडं वाळत घातलं. त्याला टेम्पोचं ग्रीस लागलं होतं. परकायाप्रवेशाला ग्रीस लागत नाही.

*

मग एका वाचक मंडळाचे अध्यक्ष आले. दोन नंबरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सर, येत्या रविवारी सकाळी 'तोंडाळ'चे लेखक म्हणून आपला सत्कार. आता नाही म्हणायचं नाही."

नाही म्हणायची सरांना सवयच नव्हती. हसले.

ते गेल्यावर रफीकभाई तापला. "आपा, उठके बोलो ना सबके सामने."

"शपथ आहे."

"किसकी?"

"माझी."

"अपनी कसम तो तोड सकते."

"दुसऱ्याची मोडता येते, रफीकभाई. आपली मोडली तर राहतं काय?"

कौसल्या तिच्या रोजच्या कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "न बोलायची शपथ घेतली व्हती. न लिवायची घेतली का?"

मी तीन नंबरवर बसले. एक पान लिहिलं. त्या दिवशी लाइट पण गेली नाही. रफीकभाईनं वाचलं, दोनदा वाचलं आणि प्रिंटरमध्ये कागद भरायला लागला.

"कितने?"

"शंभर."

"हॉल छोटा है, आपा. अस्सी बस होते."

"शंभरच. ऐंशीवर तपासणी होत न्हाई."

रविवारी कौसल्या हॉलच्या दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या बाईशेजारी उभी राहिली आणि येईल त्याच्या हातात एकेक कागद देत गेली. लोकांना वाटलं कार्यक्रमपत्रिका. पहिल्या रांगेत विहीणबाई होत्या, माझ्या लेकीबरोबर खास आलेल्या. मी शेवटच्या रांगेत.

कागदावर वर लिहिलं होतं, 'तोंडाळ. आजचा ताजा लेख: सत्काराला उत्तर.'

अध्यक्षांनी सरांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. सरांनी नारळ टेबलावर ठेवला, माइक जवळ ओढला.

"लेखन हे एक मैदान आहे."

सगळ्या हॉलनं एकदम कागदात मान घातली.

"कोणी धावतो, कोणी बसतो, कोणी टाळ्या वाजवतो." लोकांची बोटं ओळींवरून सरकत होती. "पण घाम?" सरांनी विचारलं, आणि अर्धा हॉल सरांबरोबर म्हणाला, "घाम मात्र सर्वांचाच खारट असतो."

सर खूश झाले. त्यांना वाटलं, भाषण लोकांना पाठ झालं.

कागदावर पुढं कंसात होतं, 'इथं सर दोनदा खोकतील.'

सर दोनदा खोकले.

हॉलमध्ये कोणीतरी फुसकन हसलं. पुढच्या कंसात होतं, 'पाणी मागतील.'

"जरा पाणी," सर म्हणाले.

मग हसू आवरेना. प्राध्यापक रुमाल तोंडावर धरून खाली वाकले. अध्यक्षांनी आपला कागद बघितला, सरांकडं बघितलं आणि गुपचूप तो त्यांच्यापुढं सरकवला. सर वाचू लागले. बोट मैदानावरून निघालं, घामावर आलं, खोकल्यावर थांबलं, पाण्यापर्यंत पोचलं. सगळ्यात खाली शेवटची ओळ होती, 'आता सर कागद उलटून मागं काय लिहिलंय ते बघतील.'

सरांनी कागद उलटला.

मागं कोरं.

लोक पुढचं वाक्य ऐकायला थांबले होते, आणि सर पण. एवढ्या भाषणांत पहिल्यांदाच सरांना पुढचं वाक्य माहीत नव्हतं. हसू यायला लागलं होतं त्यांच्या तोंडावर, सवयीनं. पण अर्ध्यावर येऊन थांबलं.

"हे मी लिहिलेलं नाही," सर म्हणाले.

दारातून कौसल्येनं विचारलं, "हा कागद, का सगळंच?"

सर कोऱ्या बाजूकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सगळंच."

"मग कोणी?" अध्यक्ष म्हणाले.

सरांनी वर्गात करतात तसा हात शेवटच्या बाकाकडं केला. "गोदाबाईंनी. गोदाबाई, उभ्या राहा."

मी उभी राहिले नाही. मास्तरनं म्हटलं आणि उठून उभी राहिले, ते तिसरीत संपलं. मी आधी पदर नीट केला, चष्मा पुसला, मग उठले आणि स्टेजवर गेले. विहीणबाईंच्या समोरून जावं लागलं. या वेळी त्यांनी पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

अध्यक्ष सरांच्या खांद्यावरची शाल काढायला लागले. मी म्हटलं, "राहू द्या ती. थंडी त्यांला वाजून राह्यली. नारळ तेवढा इकडं द्या."

नारळ घेऊन खाली उतरले आणि बाहेर आले. पायरीवर कौसल्या बसली होती, बाजूला रफीकभाई. कौसल्येनं नारळ घेतला, पायरीच्या कडेवर एकच घाव घातला. दोन भकलं झाली.

आत कोंब होता. पांढराशुभ्र, लिंबाएवढा.

कौसल्येनं तो निरखून पाहिला, बोटानं दाबून पाहिला, आम्ही प्लांटात पाहायचो तसा.

"एकात एक," ती म्हणाली. "लिव्ह, गोदे."